उधारीचं पान

दर सोमवारी देवाजी नंदनवार यायचे,
काउंटरच्या काचेवर दोन बोटं वाजवायचे.
"दे जी, गुडघेवाली."
मी मान वर न करता
कात्रीनं दहाची पट्टी तोडून द्यायचो.

तांडापेठेत त्यांचा खड्डामाग होता,
चाळीस वर्षं पावड्या दाबलेल्या.
"सूत तुटलं त् गाठ मारता येते,
गुडघ्याले कुठं मारू?"
असं म्हणून स्वतःच हसायचे,
आणि पैसे वहीत लिहायला सांगायचे.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाई दाब मोजायच्या.
एकशे साठ. पुढच्या महिन्यात एकशे बहात्तर.
एकाच्या दोन गोळ्या झाल्या,
मग लघवी साफ करणारी तिसरी.
"मीठ?"
"बायकोनं कवाचंच बंद केलं जी."
"सावजी रस्सा?"
"नुसता नाकानं."
"गोळ्या चुकवता?"
"देवाशपथ नाही."
सगळं खरं होतं.
गुडघ्याचं कोणी विचारलं नाही.
तेही बोलले नाहीत, कारण त्यांच्या लेखी
ते औषधच नव्हतं,
काडीपेटीसारखी दुकानातून आणायची वस्तू होती.

मला माहीत होतं.
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला पाच मार्कांना आलं होतं:
दुखण्याची गोळी मूत्रपिंडाकडचं रक्त आखडते,
मीठ-पाणी अंगात अडवून धरते,
दाबाच्या गोळीचं काम मागच्या दारानं उलटवते;
सोबत लघवीची गोळी असेल, वर अंगातलं पाणी आटलं असेल,
तर मूत्रपिंडच बसू शकतं.
पाचपैकी चार मिळाले होते.
एक का कापला म्हणून
मी सरांशी भांडलो होतो.

मे महिन्यात सेहेचाळीस.
दुकानातला कूलर गरम वारा फेकत होता.
देवाजींच्या चपलेचा पट्टा पावलात रुतलेला,
घोट्यावर मोज्यासारखी सूज.
"चप्पल आटली जी उन्हानं."
मी हसलो.
पट्टी तोडली.

मग तीन सोमवार काचेवर बोटं नाहीत.

चौथ्याला त्यांची सून आली, दमयंती.
ओढणीनं तोंड बांधलेलं, हातात मेडिकलचा कागद.
"बाबा भरती हायेत. किडनीचं म्हणतात.
डॉक्टर विचारून राहिले, अजून काय घेत होते?
बाबा म्हणतात, दुकानवाल्याले माहीत."

मी उधारीची वही काढली.
एकाच पानावर, एकाच निळ्या पेनानं,
माझ्याच तिरप्या अक्षरात
डावीकडे दाबाच्या तिन्ही गोळ्या,
उजवीकडे गुडघ्याची.
अकरा महिने, दर सोमवार, तारखेसकट.
खाली पैशांची बेरीज बरोबर होती.
डावीकडचं आणि उजवीकडचं
मी कधी एकत्र वाचलंच नव्हतं.

तिनं पानाचा फोटो घेतला.
मग पर्समधून एकशे चौऱ्याऐंशी रुपये मोजून ठेवले.
मी नको म्हणालो.
"बाबानं सांगितलं हाय जी, बाकी ठेवू नोको."

ते वाचले. ऑगस्टात आले,
ऑटोतून उतरायलाच पाच मिनिटं लागली.
दोन बोटं काचेवर वाजली.
मी सांगितलं, ती आता कधीच नाही.
लिहून दिलेली साधी गोळी पुढे सरकवली.
"हे त् अर्धंच दुखणं नेते."
"हो."
"अन् बाकीचं?"

माझ्यामागे छतापर्यंत खोके होते.
मी स्टूल बाहेर आणून ठेवलं.
ते बसले, गुडघा दोन्ही हातांनी धरून,
रस्त्याकडे बघत.

तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो, अजून काय घेता?
लोक चिडतात.
"तुम्ही डॉक्टर हाय का जी?
घाई हाय, द्या लवकर."
कात्री हातात तशीच धरून
मी पुन्हा विचारतो.